एथिलीन प्लॅटिनमवर चिकटतं की तुटतं, आणि काळी तारच का चालते?

अमळनेरच्या एका ताईंनी विचारलंय, एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. त्यांचं म्हणणं असं की एथिलीन प्लॅटिनमवर बसतं तेव्हा नेमकं काय होतं तेच कळत नाही, कारण एका पुस्तकात रेणू अख्खा आडवा दाखवलाय, दुसऱ्यात त्याचे दोन कार्बन दोन प्लॅटिनम अणूंना बांधलेत, आणि तिसऱ्यात तर एक हायड्रोजन गायब आणि रेणू चक्क उभा, मग व्हायव्हाला यातलं कोणतं सांगायचं. दुसरा प्रश्न, सोनं एवढं भारी तर कॅटलिस्ट (स्वतः न खपता रिअ‍ॅक्शन चालवणारा पदार्थ) म्हणून निकेल का. आणि तिसरा प्रोजेक्टमधला, गरम तांब्याची तार मिथेनॉलच्या वाफेत धरली तर घासून चकचकीत केलेल्या तारेला फॉर्मेलिनचा वास येत नाही आणि काळी पडलेल्या तारेला येतो, हे उलटं कसं.

ताई, तिन्ही प्रश्न एकाच प्रश्नाची पोरं आहेत. तुम्ही विचारताय "हा रेणू या धातूवर काय करतो", आणि असं विचारलं की उत्तर मिळतच नाही. विचारायचं असं की किती टेंपरेचरला, पृष्ठभागावर आधीपासून कोण बसलंय, आणि जे बसलेले दिसतायत त्यातलं काम कोण करतंय. हा तिसरा भाग शिकवताना बहुतेक सुटतो, आणि मला तो कळायला लॅब सोडून तेलाच्या प्लांटमध्ये यावं लागलं. मी आधी पुण्यात काही वर्षं व्हॅक्यूम चेंबरवर धातूच्या स्वच्छ पृष्ठभागांवर काम केलं, नंतर जळगावला येऊन सोळा वर्षं सरकीच्या तेलाचं हायड्रोजनेशन, म्हणजे तेलाच्या डबल बाँडना हायड्रोजन जोडून ते घट्ट करणं, केलं निकेलवर. दोन्हीकडचं सांगतो.

आधी तुमची तीन चित्रं. तिन्ही बरोबर आहेत. प्लॅटिनमचा १११ पृष्ठभाग घ्या, म्हणजे अणू षटकोनी रचनेत अगदी दाटीवाटीने बसलेले, पेटीत संत्री रचतात तसे. त्यावर एथिलीन सोडलं आणि प्लॅटिनम ५० केल्विनच्याही खाली (शून्य डिग्री सेल्सिअस म्हणजे २७३ केल्विन) थंड ठेवलं तर रेणू अख्खा आडवा पडून राहतो, डबल बाँड जवळपास शाबूत, त्याला आपण पाय-बंधित (पाय म्हणजे ग्रीक π, डबल बाँडच्या इलेक्ट्रॉननेच टेकलेलं) म्हणतो, ते पहिलं चित्र. जरा तापवलं की डबल बाँड उघडतो आणि दोन कार्बन शेजारशेजारच्या दोन प्लॅटिनम अणूंना धरतात, ते डाय-सिग्मा, दुसरं चित्र, आणि हे साधारण २४० ते २८० केल्विनपर्यंत टिकतं. खोलीच्या तापमानाजवळ आलो की त्यातला एक हायड्रोजन सुटतो, बाकीचे तीन एकाच कार्बनवर गोळा होतात, आणि उरलेला कार्बन तीन प्लॅटिनम अणूंच्या मधल्या खळग्यात रुततो. वर मिथाइलचा शेंडा, खाली तीन अणूंना धरलेला बुंधा. हे एथिलिडीन, तुमचं तिसरं चित्र. अजून तापवलं, साधारण ४५० ते ५०० केल्विनच्या पुढे, की तेही तुटायला लागतं आणि शेवटी नुसता कार्बन उरतो, काजळीसारखा पातळ थर.

म्हणजे पुस्तकं भांडत नाहीयेत, प्रत्येकाने वेगळ्या तापमानाला फोटो काढलाय आणि खाली तापमान लिहायचं राहून गेलंय.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. आमच्याकडे प्रयोग असा असायचा की प्लॅटिनमचा चकतीएवढा क्रिस्टल द्रव नायट्रोजनने थंड करायचा, त्यावर मोजकं एथिलीन सोडायचं, आणि मग एकसारख्या वेगाने तापवत न्यायचं आणि काय काय उडून जातंय ते मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, बघत बसायचं. २८० च्या आसपास थोडं एथिलीन जसंच्या तसं निघून जायचं. मग ३०० केल्विनजवळ हायड्रोजनचा एक डोंगर यायचा, मग थोडी शांतता, आणि वर ५०० च्या आसपास हायड्रोजनचा दुसरा, जास्त पसरलेला डोंगर. पहिल्यांदा मी त्या दोन डोंगरांखालचं क्षेत्रफळ मोजलं तेव्हा ते साधारण एकास तीन आलं. एथिलीनमध्ये हायड्रोजन चार. एक आधी गेला, तीन नंतर गेले. त्या दोन डोंगरांच्या मधल्या वेळात पृष्ठभागावर जे काही होतं त्यात दोन कार्बनमागे तीनच हायड्रोजन होते, म्हणजे एथिलिडीन. रेणू डोळ्यांनी दिसत नाही पण आलेखाच्या कागदावर हिशोब जुळला, आणि मला तो कागद अजून आठवतो. व्हायव्हाला हाच हिशोब सांगा, नुसतं चित्र काढण्यापेक्षा समोरच्याला जास्त पटतो.

आणि एक अंदाज लक्षात ठेवा, फार कामाला येतो. नेहमीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला एखादा केल्विन असं तापवताना रेणू ज्या तापमानाला सुटतो त्याला साधारण पावने गुणलं, म्हणजे ०.२५ ने, की किलोज्यूल प्रति मोलमध्ये बंधाची ताकद येते. ३०० केल्विनला सुटला तर ७५ च्या आसपास. हा ढोबळ हिशोब आहे, रेणू अख्खा सुटत असेल तरच लागू, पण चिकटलंय ते वरवर की खरोखर बांधलंय हे लगेच कळतं. वीस-तीस आलं तर नुसतं लगटून बसलेलं, शंभर-दीडशे आलं तर खरा रासायनिक बंध.

आता चिकटतं का ते बघू, आणि त्यासाठी प्लॅटिनम कशाला, आपली केळीच घ्या. रावेर-यावलकडची केळी रायपनिंग चेंबरला लावतात तेव्हा हवेत १०० पीपीएमपर्यंत एथिलीन सोडतात, म्हणजे दहा हजार भागांत एक भाग, एवढ्यावर अख्खी खोली पिकते. केळीला हे एथिलीन कळतं कसं? पेशीतल्या ज्या प्रथिनावर एथिलीन येऊन बसतं त्यात तांब्याचा आयन असतो, हे १९९९ मध्ये दाखवलं गेलं. एथिलीनच्या डबल बाँडमधले इलेक्ट्रॉन थोडे तांब्याकडे झुकतात आणि तांब्याच्या डी कक्षेतले इलेक्ट्रॉन उलट एथिलीनच्या रिकाम्या कक्षेत झुकतात, दिलं आणि घेतलं. देवार यांनी १९५१ ला आणि चॅट-डंकनसन यांनी १९५३ ला मांडलेला हा देवाणघेवाणीचा विचार संयुगांसाठी होता, पण धातूच्या पृष्ठभागावरही तोच चालतो. फरक इतकाच की केळीत तांब्याचा एकच अणू आहे, त्यामुळे एथिलीन येतं, बसतं आणि अख्खं परत जातं. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर शेजारी दुसरा अणू आहे, तिसरा आहे, आणि सगळे धरायला तयार. उलट देणं जास्त झालं की ज्या रिकाम्या कक्षेत इलेक्ट्रॉन चाललेत ती बंधविरोधी असते, म्हणजे ती जितकी भरेल तितका कार्बन-कार्बन डबल बाँड ढिला होतो. धरणं आणि तोडणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच, धरता धरताच तुटायला सुरुवात होते, किती जोरात धरलं त्यावर तुटणं अवलंबून. तुमचा "चिकटतं की तुटतं" हा प्रश्न इथे सुटतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. खोलीच्या तापमानाला प्लॅटिनमवर एथिलीन आणि हायड्रोजन दोन्ही सोडले तर इथेन तयार होतं, आणि त्याच वेळी पृष्ठभाग बघितला तर सगळीकडे एथिलिडीन पसरलेलं दिसतं. कोणालाही वाटेल की एथिलिडीनमधूनच इथेन होत असणार, तेच तर दिसतंय. बरीच वर्षं लोकांना तसंच वाटायचं. पण एथिलिडीनला हायड्रोजन जोडण्याचा वेग वेगळा मोजला तेव्हा तो इथेन बनण्याच्या वेगापेक्षा लाखो पटींनी हळू निघाला. काम ते करतच नव्हतं. १९९० च्या दशकात सोमोर्जाय यांच्या गटाने रिअ‍ॅक्शन चालू असतानाच लेसरने पृष्ठभाग बघितला आणि दिसलं की खरं काम करतंय ते अगदी थोड्या प्रमाणात असलेलं, हलकं धरलेलं पाय-बंधित एथिलीन. ज्याने घट्ट धरलंय तो नुसता बसून आहे, आणि ज्याने हलकं धरलंय तो येतो, हायड्रोजन घेतो आणि जातो.

जळगाव स्टँडवरून सुटणारी गच्च भरलेली एसटी डोळ्यासमोर आणा. खिडकीच्या सीटवर रुमाल टाकून बसलेला माणूस थेट धुळ्यापर्यंत हलत नाही. पारोळा, एरंडोलला चढ-उतार करणारे सगळे मधल्या जागेत उभे असतात, आणि गाडीचं उत्पन्न बघितलं तर त्या चढणाऱ्या-उतरणाऱ्यांमुळेच जास्त. फोटो काढला तर मात्र सीटवरचेच ठळक दिसतात. पृष्ठभागाचा स्पेक्ट्रम हा असाच फोटो असतो. म्हणून जेव्हा कोणी सांगतं की आम्हाला पृष्ठभागावर अमुक प्रजाती दिसली म्हणून रिअ‍ॅक्शन तिच्यातून जाते, तेव्हा मी पहिलं विचारतो की तिचा वेग वेगळा मोजला का.

हायड्रोजन कसा जोडला जातो ते होरिउती आणि पोलान्यी यांनी १९३४ मध्येच सांगून ठेवलंय. हायड्रोजनचा रेणू निकेलवर, प्लॅटिनमवर आला की लगेच फुटून दोन अणू होतो. डबल बाँडवाला रेणू येऊन बसतो. मग एक हायड्रोजन जोडला जातो, अर्धवट अवस्था, आणि मग दुसरा. ती अर्धवट अवस्था परत मागेही फिरू शकते, आणि हे मागे फिरणं म्हणजे काय हे मला कागदावर कळलं नव्हतं, प्लांटमध्ये कळलं. तेलाच्या रेणूत डबल बाँडच्या दोन्ही बाजूंचे हायड्रोजन एकाच अंगाला असतात, त्याला सिस म्हणतो. एक हायड्रोजन जोडला गेला की तिथला डबल बाँड संपतो, रेणू त्या जागी फिरायला मोकळा होतो. आता दुसरा हायड्रोजन वेळेत मिळाला तर ठीक, जोडला गेला, विषय संपला. पण निकेलवर हायड्रोजनचा तुटवडा असेल, टेंपरेचर जास्त, प्रेशर कमी, ढवळणं कमी, तर ती अर्धवट अवस्था एक हायड्रोजन परत देऊन टाकते आणि डबल बाँड पुन्हा तयार होतो, फक्त आता तो उलट्या अंगाने वळलेला असू शकतो. तो ट्रान्स. वनस्पती तुपातलं ट्रान्स फॅट म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, निकेलवर बसून, अर्धं काम होऊन, माघारी फिरलेला रेणू.

त्या काळात आम्ही टेंपरेचर वर आणि प्रेशर खाली ठेवायचो कारण तसं केलं की मेल्टिंग पॉइंट हवा तसा यायचा आणि दाणा छान पडायचा. तो दाणा ट्रान्समुळेही येत होता. आता २०२२ पासून तेल-तुपात २ टक्क्यांच्या वर ट्रान्स फॅट चालत नाही, आणि ते बरोबरच आहे, उशीरच झाला असं मला वाटतं, कारण लोकांनी ते रोज पोळीला लावून खाल्लं. पूर्ण हायड्रोजनेशन केलं तर ट्रान्स राहत नाही, कारण डबल बाँडच उरत नाही, पण मग ते मेणासारखं कडक होतं, म्हणून ते दुसऱ्या तेलात मिसळून वापरावं लागतं.

आता आधीपासून कोण बसलंय याचं सांगतो, एका रात्रीची गोष्ट आहे. नेहमीची बॅच अशी चालायची, सरकीचं तेल न्यूट्रल करून, ब्लीच करून ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाच्या बंद टाकीत, घ्यायचं, निकेल टाकायचा, तो कडक चरबीत घोळलेल्या काळ्या पाकळ्यांच्या रूपात येतो म्हणजे हवा लागत नाही, १५० डिग्रीच्या आसपास हायड्रोजन सोडायचा. सोडल्याबरोबर दोन गोष्टी दिसतात, प्रेशर गेजचा काटा खाली यायला लागतो कारण तेल हायड्रोजन पितंय, आणि वाफ बंद केली तरी टेंपरेचर आपोआप चढतं. आयोडीन व्हॅल्यू, म्हणजे तेलात डबल बाँड किती उरलेत त्याचा आकडा, एक अंकाने उतरली की तेल साधारण १.६ ते १.७ डिग्रीने तापतं, म्हणजे १०५ वरून ७० ला आणायचं तर कूलिंग कॉइल नसेल तर पन्नास-साठ डिग्री चढेल. त्या रात्री ऑपरेटर दादा खाली आले, म्हणाले "साहेब, काटा हालस नही." वर जाऊन बघतो तर खरंच, हायड्रोजन भरलेला, ढवळणं चालू, टेंपरेचर जिथल्या तिथे, गेजचा काटा भिंतीवर खिळा ठोकावा तसा. अर्धा तास गेला, सॅम्पल काढून रिफ्रॅक्टोमीटरवर बघितलं, रीडिंग जवळपास सुरुवातीचंच. मी अजून निकेल टाकायला सांगितला. थोडा हलला आणि परत थांबला.

सकाळी तेल तपासलं तर त्यात साबण आणि फॉस्फरस राहिलेला. म्हणजे धुलाई नीट झाली नव्हती, न्यूट्रल करताना जो साबण होतो तो पूर्ण निघाला नव्हता आणि डिगमिंग, म्हणजे तेलातला गोंद काढणं, तेही कच्चं. साबण आणि गोंद निकेलच्या बारीक छिद्रांची तोंडं बुजवून बसतात, तेल आतपर्यंत जातच नाही. सल्फर तर त्याहून वाईट, तो निकेलला असा घट्ट धरतो की त्या टेंपरेचरला सुटत नाही, आणि एक सल्फर अणू एकच जागा अडवतो असंही नाही, आजूबाजूच्या जागाही निकामी करतो. तेलात सल्फर दहा लाखांत काही भाग असला तरी फरक पडतो, कारण निकेलच मुळात तेलाच्या हजारात एखादा भाग किंवा त्याहून कमी टाकलेला असतो. आम्ही ते तेल परत ब्लीचरला घेतलं, ब्लीचिंग अर्थ, म्हणजे शोषून घेणारी माती, टाकून साबण ओढून काढला, आणि नवा निकेल टाकल्यावर तेच तेल नेहमीसारखं चाललं. धातू तोच, तेल तेच, हायड्रोजन तोच. बसायला जागा नव्हती एवढंच. मी आधी निकेल वाढवला ते चुकलं, नवा निकेलही त्याच साबणाने भरून गेला. आता कोणी कॅटलिस्ट चालत नाही म्हणून फोन केला तर मी कॅटलिस्टबद्दल नंतर विचारतो, आधी विचारतो की कच्च्या मालाबरोबर काय काय येतंय.

लॅबमध्ये आम्ही याच कारणाने एवढा व्हॅक्यूम करायचो. एक चौरस सेंटीमीटर प्लॅटिनमवर साधारण पंधराशे लाख कोटी अणू असतात, ऐकायला प्रचंड, पण हवेचा दाब ७६ कोटींनी भागला तरी तेवढ्या विरळ वायूत हे सगळे अणू साधारण एका सेकंदात झाकले जातात, जर येणारा प्रत्येक रेणू चिकटला तर. दाब त्याच्याही दहा हजार पट खाली नेला तेव्हा कुठे दोन-तीन तास काम करायला स्वच्छ पृष्ठभाग मिळतो. म्हणून चेंबर दोन-दोन दिवस तापवून ठेवायचो. टेबलावर ठेवलेला कोणताही धातू स्वच्छ नसतो, तो फक्त आपल्याला स्वच्छ दिसतो. ताई, हे वाक्य तुमच्या तारेसाठी लक्षात ठेवा.

सोन्याचं आता थोडक्यात. जळगावचं सोनं वर्षानुवर्षं पिवळंच राहतं आणि तिजोरीतली चांदी मात्र काळी पडते, कारण चांदी हवेतला सल्फर धरते आणि सोनं हवेतलं फारसं काही धरत नाही. सोन्याच्या डी कक्षा पूर्ण भरलेल्या आणि ऊर्जेने खाली असतात, त्यामुळे येणाऱ्या रेणूशी देवाणघेवाण झाली तरी बंधविरोधी अवस्थाही भरून जातात आणि हातात काही उरत नाही. हॅमर आणि नॉर्स्कोव्ह यांनी १९९५ मध्ये याचं स्पष्टीकरण दिलं. सपाट सोन्यावर हायड्रोजनचा रेणू फुटतच नाही, मग जोडायचं काय? दुसऱ्या टोकाला टंगस्टन, तो एवढा जोरात धरतो की एथिलीनचे तुकडे होतात आणि ते तुकडे तिथेच पडून राहतात. आपल्याकडे म्हणतात ना, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, कॅटलिस्टला त्या दोन्हींच्या मधोमध राहावं लागतं. हा विचार साबातिए यांच्या नावाने ओळखला जातो, ज्यांनी १८९७ मध्ये सेंडेरेन्स यांच्यासोबत निकेलवर एथिलीनचं इथेन करून दाखवलं आणि १९१२ चं नोबेल मिळवलं. निकेल त्या मधल्या पट्ट्यात बसतो आणि प्लॅटिनमच्या मानाने कितीतरी स्वस्त आहे, म्हणून तेलाच्या धंद्यात निकेल. पण सोनं कशालाच धरत नाही असंही लिहू नका. सल्फरवाले सेंद्रिय रेणू, थायॉल वगैरे, सोन्यावर छान ओळीत उभे राहतात. आणि सोन्याचे पाच नॅनोमीटरपेक्षा लहान कण ऑक्साइडवर बसवले तर ते कार्बन मोनॉक्साइड थंडीतसुद्धा जाळतात, हे हारुता यांनी १९८० च्या दशकात दाखवलं. कणाचा आकार बदलला की धातूचा स्वभाव बदलतो, म्हणजे इथेही परिस्थितीवर अवलंबून.

आता तुमची तार. मला या तिन्हीत हा प्रश्न सगळ्यात आवडला कारण तुम्ही तो स्वतः बघून विचारलाय. अगदी स्वच्छ तांब्यावर मिथेनॉल आलं तर ते आपल्या ऑक्सिजनच्या मोकळ्या इलेक्ट्रॉन जोडीने तांब्याला हलकं टेकतं, आणि तापवलं की बहुतेक सगळं अख्खंच उडून जातं. वास येणार कुठून. पण त्याच तांब्यावर आधी थोडा ऑक्सिजन बसवून ठेवला तर तो ऑक्सिजन मिथेनॉलच्या ओएचमधला हायड्रोजन ओढून घेतो. मागे राहतो मेथॉक्सी, तो तांब्याला ऑक्सिजनने घट्ट धरून उभा. तो ३५० ते ४०० केल्विनच्या आसपास कार्बनवरचा एक हायड्रोजन सोडतो आणि फॉर्मॅल्डिहाइड होऊन निघून जातो, फॉर्मेलिनचा वास तो याचाच. वॉक्स आणि मॅडिक्स यांनी १९७८ मध्ये हे तांब्यावर नीट दाखवलं. म्हणजे तुमची काळी तार चालते कारण तिच्यावर ऑक्सिजन आहे. निकेलवर साबण बसला तर काम थांबलं, तांब्यावर ऑक्सिजन बसला तर काम सुरू झालं. आधीपासून बसलेला प्रत्येक जण शत्रू नसतो.

तुमच्या प्रयोगात मात्र एक भेसळ आहे आणि ती रिपोर्टमध्ये लिहा. ज्योतीत काळी झालेल्या तारेवर ऑक्सिजनचा एक थर नसतो, कॉपर ऑक्साइडची जाड पापडी असते. ती वाफेत धरल्यावर पापडीतला ऑक्सिजनच खर्च होतो, म्हणून तार परत लालसर चकचकीत होते, हे तुम्ही बघितलं असेल. ते कॅटलिसिस नाही, तिथे तांब्याचा ऑक्साइड स्वतः रिअ‍ॅक्शनमध्ये खपतोय. तार वाफ आणि हवा दोन्हींच्या मिश्रणात धरली आणि ती आपोआप लाल राहायला लागली, म्हणजे ऑक्सिजन हवेतून येतोय आणि उष्णता रिअ‍ॅक्शनमधून, तर ते खरं कॅटलिसिस. आणि चकचकीत तार अजिबात काम करत नाही असंही नाही, ती २५०-३०० डिग्री सेल्सिअसला ठेवली तर तांबं अल्कोहोलमधला हायड्रोजन काढू शकतं, तुमची तार बहुधा वाफेत जाईपर्यंत कोमट झाली असणार. तेव्हा दोन्ही तारा एकाच तापमानाला असतील असं बघा, नाहीतर तुम्ही ऑक्सिजनची तुलना करतच नाही आहात, तापमानाची करताय.

याच मिथेनॉलचं प्लॅटिनमवर काय होतं तेही जाता जाता, कारण परीक्षक विचारतात. प्लॅटिनम त्याचे सगळे हायड्रोजन काढून टाकतं आणि कार्बन मोनॉक्साइड मागे ठेवतं, तो प्लॅटिनमला असा चिकटतो की मिथेनॉलवर चालणाऱ्या फ्युएल सेलची ती मोठी डोकेदुखी आहे, म्हणून त्यात रुथेनियम मिसळतात, जो ऑक्सिजन पुरवून तो मोनॉक्साइड जाळायला मदत करतो. एकच रेणू, तांब्यावर हलकं टेकून परत, ऑक्सिजनवाल्या तांब्यावर फॉर्मॅल्डिहाइड, प्लॅटिनमवर पार सोललेला.

करताना काळजी घ्या. मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो, त्याची वाफ पेटते आणि ज्योत उजेडात दिसत नाही. थोडंच घ्या, चार-पाच मिली, बाटली दुसऱ्या खोलीत बंद करून ठेवा, फ्यूम हूड चालू ठेवा, आणि फॉर्मॅल्डिहाइडचा वास नाक लावून घेऊ नका, टोलन्सच्या किंवा शिफच्या द्रावणाने (दोन्ही अल्डिहाइड ओळखायच्या चाचण्या) तपासा, म्हणजे रिपोर्टमध्ये वासाऐवजी पुरावा लिहिता येईल.

आणि एक विचारायचं राहिलं, तार आणली कुठून? आपल्याकडे पोरं बहुतेक विहिरीच्या मोटारीचं वाइंडिंग करणाऱ्याच्या दुकानातून आणतात. त्या तारेवर इनॅमलचा पारदर्शक थर असतो, दिसायला अगदी चकचकीत तांबं, पण वर प्लॅस्टिकसारखं आवरण, मिथेनॉल तांब्यापर्यंत पोचतच नाही. काळी झाली तेव्हा ते आवरण जळालेलं असतं. तुमची तार तशी असेल तर तुमच्या दोन तारांत ऑक्सिजनचा फरक नाहीच, आवरणाचा आहे. ब्लेडने थोडी खरवडून बघा, रंग बदलला की समजा इनॅमल होतं. मग तार पूर्ण जाळून घ्या, सौम्य आम्लात काळेपणा काढा, डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि तिथून परत सुरुवात करा, एक तार तशीच चकचकीत आणि एक परत तापवून काळी. काय येतं ते इथे लिहा, तापमानासकट.